घनमीटर, लिटर आणि घनसेंटिमीटर: कधी १०० ने गुणायचे आणि कधी १० लाखांनी?

आपण विचारले आहे की मीटरचे सेंटिमीटर करताना १०० ने गुणतात, लिटरचे सेंटिलिटर करतानाही १०० नेच गुणतात, मग घनमीटरचे घनसेंटिमीटर करताना एकदम १० लाखांनी का गुणायचे, आणि हे सगळे पाठ न करता लक्षात कसे ठेवायचे. माझ्या मते या विषयात पाठांतराची गरज फारच थोडी आहे. कारण एकदा समजले की कोणतेही रूपांतर कागदावर दोन ओळींत मांडून काढता येते.

घनसेंटिमीटर हा घनमीटरचा शंभरावा भाग नसतो. ज्या घनाची प्रत्येक बाजू एक सेंटिमीटर आहे, त्याचे ते घनफळ असते. ‘सेंटि’ हा उपसर्ग आधी मीटरला लागतो आणि घन त्यानंतर केला जातो, त्यामुळे उपसर्गातल्या शंभराचाही घन होतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशी पेटी घेऊन तिच्या तळावर एक सेंटिमीटर बाजूचे ठोकळे मांडू लागलो, तर एका रांगेत १०० ठोकळे बसतात, अशा १०० रांगांचा एक थर १०,००० ठोकळ्यांचा होतो आणि पेटी काठोकाठ भरायला असे १०० थर लागतात. एकूण १०,००,००० ठोकळे, म्हणून १ घनमीटर बरोबर १० लाख घनसेंटिमीटर. याच रीतीने मिलिमीटरचा हिशेब केला, तर १,००० चा घन करावा लागतो आणि १ घनमीटरमध्ये १०० कोटी घनमिलिमीटर येतात.

लिटरच्या बाबतीत असे होत नाही, कारण लिटर हे मुळातच घनफळाचे एकक आहे आणि उपसर्ग थेट घनफळालाच लागतो. म्हणून १ लिटर म्हणजे १० डेसिलिटर, १०० सेंटिलिटर किंवा १,००० मिलिलिटर, आणि वरच्या बाजूला १०० लिटरचा हेक्टोलिटर व १,००० लिटरचा किलोलिटर. इथे कशाचाही घन करायचा नाही, लांबीच्या कोष्टकासारखेच दहाच्या पटीत पुढे-मागे सरकायचे. हा फरक किती मोठा ठरू शकतो, हे एकाच उपसर्गाच्या दोन एककांवरून स्पष्ट दिसते: हेक्टोलिटर म्हणजे १०० लिटर, तर घनहेक्टोमीटर म्हणजे १०० मीटर बाजूच्या घनाचे घनफळ, म्हणजे १० लाख घनमीटर. पहिल्यात शंभर एकदाच आले आहे, दुसऱ्यात तीनदा. रूपांतरात होणाऱ्या बहुतेक चुका इथेच होतात, आणि ज्याला हा भेद कळला त्याला उरलेला भाग मुळीच अवघड जात नाही.

घन एकके आणि लिटरची एकके यांना जोडणारा दुवा एकच आहे आणि तेवढा मात्र पाठ असावा: १ लिटर बरोबर १ घनडेसिमीटर, म्हणजे १० सेंटिमीटर बाजूच्या घनाचे घनफळ. बाकी सर्व यातून निघते. १० चा घन १,०००, म्हणून १ लिटर म्हणजे १,००० घनसेंटिमीटर, आणि त्यावरून १ मिलिलिटर म्हणजे १ घनसेंटिमीटर. मीटरमध्ये १० डेसिमीटर असतात, त्यांचाही घन १,०००, म्हणून १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर, अर्थात १ किलोलिटर.

ही बरोबरी आज तंतोतंत आहे, पण मधली काही दशके ती तशी नव्हती. फ्रान्समध्ये १७९५ च्या कायद्याने लिटरची व्याख्या घनडेसिमीटर अशीच केली होती. १९०१ मध्ये मात्र वजने व मापे यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ती पाण्यावर बसवली: प्रमाण वातावरणीय दाबाखाली, सर्वाधिक घनतेच्या तापमानाला असलेल्या एक किलोग्रॅम शुद्ध पाण्याचे घनफळ म्हणजे एक लिटर. हे घनफळ घनडेसिमीटरपेक्षा दहा लाखांत सुमारे २८ भागांनी जास्त भरत होते, म्हणून १९६४ मध्ये ती व्याख्या रद्द झाली आणि लिटर हे पुन्हा घनडेसिमीटरचेच दुसरे नाव ठरले. अगदी सूक्ष्म मोजमापांची १९६४ पूर्वीची कोष्टके वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, इतरांना त्याने फरक पडत नाही. यावरून आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते: एक लिटर म्हणजे एक किलो हे समीकरण फक्त पाण्यापुरते आणि तेही जवळपासच खरे आहे. एक लिटर पारा साडेतेरा किलोंहून जास्त भरतो, त्यामुळे घनफळाच्या रूपांतरात वजन मध्ये आणू नये.

आता एक उदाहरण पाहू. टाकीची लांबी १.२ मीटर, रुंदी ८० सेंटिमीटर आणि उंची ५० सेंटिमीटर आहे, तिची धारकता लिटरमध्ये हवी आहे. मापे आहेत तशीच गुणली, तर ४,८०० ही संख्या मिळते आणि तिला काहीही अर्थ नसतो, कारण त्यात मीटर आणि सेंटिमीटर एकत्र मिसळलेले आहेत. आधी सर्व मापे एकाच एककात आणावीत. सेंटिमीटरमध्ये १२० × ८० × ५० म्हणजे ४,८०,००० घनसेंटिमीटर, त्याला १,००० ने भागले की ४८० लिटर. मीटरमध्ये १.२ × ०.८ × ०.५ म्हणजे ०.४८ घनमीटर, त्याला १,००० ने गुणले की तेच ४८० लिटर. उत्तर लिटरमध्येच हवे असेल, तर मी मापे सुरुवातीलाच डेसिमीटरमध्ये घेतो: १२ × ८ × ५ = ४८०, आणि पुढे काही करावेच लागत नाही. डेसिमीटर व्यवहारात कुणी फारसे वापरत नाही, पण या कामासाठी त्याच्याइतके सोयीचे माप दुसरे नाही.

गुणायचे की भागायचे, अशी शंका आली तर एकक लहान होते आहे की मोठे, एवढेच पाहावे. लहान एककात संख्या मोठी होते आणि मोठ्या एककात लहान. ७५० घनसेंटिमीटरचे उत्तर ७,५०,००० लिटर आले, तर लिटर हे मोठे एकक असूनही संख्या वाढली, हे लगेच लक्षात यावे. योग्य उत्तर ०.७५ लिटर.

पावसाचा हिशेबही याच दुव्यावर होतो. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर पाण्याचे घनफळ १ × ०.००१, म्हणजे ०.००१ घनमीटर किंवा नेमके १ लिटर होते. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, तेव्हा तिथे १० मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० घनमीटर, अर्थात १ लाख लिटर. मोठ्या जलाशयांचे आकडे घनकिलोमीटरमध्ये दिलेले असतात, तिथेही १,००० चा घन करायला विसरू नये: १ घनकिलोमीटर म्हणजे १०० कोटी घनमीटर, आणि लिटरमध्ये सांगायचे तर १ लाख कोटी लिटर.