टीडीए२०३० हीट सिंकवर कशी बसवायची? पंखा लावूनही दहा मिनिटांत आवाज बंद पडतो, हीट सिंक लहान आहे का?

पंखा लावूनही बंद पडतो हे वाचलं आणि राहवलं नाही. आमचे भाऊजी, इथे इंदूरलाच मंडप-माइकचं काम आहे त्यांचं, तापणाऱ्या प्रत्येक वस्तूवर एकच औषध सांगतात, पंखा लाव. ॲम्प्लिफायर असो, इन्व्हर्टर असो, पंखा लाव.

कॉलनीच्या गणपतीला त्यांनीच आरतीसाठी छोटा ॲम्प्लिफायर बनवून दिला होता. दोन टीडीए२०३० (ऑडिओ ॲम्प्लिफायरची चिप), १२-०-१२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, महाराणी रोडवरून आणलेला चांगला मोठा हीट सिंक, म्हणजे चिपची उष्णता हवेत सोडणारा ॲल्युमिनियमचा तुकडा, आणि त्याच्या मागे पंखा. पहिली आरती नीट व्हायची, दुसरी अर्ध्यात आली की आवाज गायब, लोक आपले टाळ्या वाजवत तसेच म्हणतायत, आणि थोड्या वेळानं आपोआप परत सुरू. हा थर्मल शटडाउन, आतलं सिलिकॉन १५० अंशांच्या आसपास गेलं की चिप स्वतःच बंद होते. पण हीट सिंकला हात लावला तर गार! भाऊजी म्हणे, बघ, सिंक गार आहे म्हणजे पंखा काम करतोय, चिपच डुप्लिकेट आली. अहो, चिप भाजतेय आणि सिंक गार, म्हणजे उष्णता सिंकपर्यंत पोचतच नाहीये ना. हे सगळ्यांसमोर बोललो म्हणून ताईनं मला नंतर ऐकवलं ते वेगळं.

रात्री खोललं. भोक ड्रिलनं पाडून तसंच ठेवलेलं, काठाला कंगोरा उठलेला आणि चिपचा टॅब, म्हणजे तिच्या पाठीची धातूची पट्टी, त्या कंगोऱ्यावर टेकून अधांतरी. मधल्या फटीत थर्मल पेस्ट, पुरणपोळीवर तूप ओततात तशी. पेस्ट जास्त म्हणजे कूलिंग जास्त हा समज कुठून आला देव जाणे. पांढरी सिलिकॉन पेस्ट हवेपेक्षा पंचवीस-तीस पट चांगली, पण ॲल्युमिनियमपेक्षा दोनशे पटींहून जास्त वाईट. तिचं काम बारीक खड्ड्यांतली हवा हुसकावणं, बस्स. खालची धातू अंधूक दिसली पाहिजे इतकाच थर. आणि स्क्रू असा आवळलेला की टॅबचं भोकाकडचं टोक दबलं आणि जिथे खरी उष्णता निघते तो चिपखालचा भाग वर उचलला गेला.

मी मोठं ड्रिल बिट हातानंच फिरवून कंगोरा काढला, काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून सिंकची ती जागा घासली, पातळ पेस्ट, नवा मायका (टॅब आणि सिंकमध्ये वीज अडवणारा पातळ पापुद्रा), स्क्रू टॅबला लागू नये म्हणून नायलॉन बुश, ३ एमएमचा स्क्रू, स्प्रिंग वॉशर, बेताचं आवळणं. मुद्दाम पंखा काढून टाकला. अनंत चतुर्दशीपर्यंत एकदाही बंद पडला नाही. या वेळी सिंक गरम लागत होता, आणि तो लागायलाच पाहिजे! भाऊजी अजूनही म्हणतात की चिप बदलली असणार.

तर तुम्हीही आधी सिंक हातानं बघा. गार असेल तर मोठा सिंक घेऊन पैसे घालवू नका, बसवणं सुधारा. हात ठेववत नसेल तर मात्र सिंक खरंच लहान आहे. १२-०-१२ वर डीसी ±१६ व्होल्टच्या आसपास येतो, त्यावर ४ ओहमचा स्पीकर लावला तर एका चिपमध्ये जास्तीत जास्त १३ वॉट उष्णता होते, ८ ओहमला साडेसहा. आणि ही कमाल उष्णता फुल व्हॉल्यूमला नाही, साधारण ४० टक्के पॉवरला होते, म्हणून "मी आवाज थोडा कमी ठेवतो" म्हणून सुटका नाही. सिंक निवडताना इंदूरच्या मे महिन्यात डब्याच्या आत ५० अंश धरा. ८ ओहमचा स्पीकर घ्या, अर्धी कटकट तिथेच संपते.

मायका का, तर या चिपचा टॅब तिसऱ्या पिनला जोडलेला असतो, म्हणजे ड्युअल सप्लायमध्ये (प्लस, मायनस आणि मधे ग्राउंड) निगेटिव्हला. सिंक धातूच्या डब्याला लागला आणि डबा ग्राउंडला असला की सरळ शॉर्ट. सिंगल सप्लायमध्ये तोच टॅब ग्राउंड, तिथे मायका नको, उगाच उष्णतेला अडथळा. मायका लावून बसवल्यावर सप्लाय द्यायच्या आधी टॅब आणि सिंकमध्ये मल्टिमीटरनं बघा, बीप यायला नको. आणि आधी स्क्रू, मग सोल्डर. उलटं केलंत तर टॅब टेकवताना सगळा ताण पिनांवर येतो.

हां, पंखा सरसकट वाईट असं नाही म्हणत, मोठ्या ॲम्प्लिफायरला तो लागतोही, पण तो सिंक गार करतो, फट भरत नाही, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

एक राहिलं. इनपुट ग्राउंडला जोडून, गाणं न लावता पाच मिनिटं चालू ठेवा. सिंक कोमट झाला तर ठीक, एक-सव्वा वॉट तसाही जातो. पण नुसतं ठेवूनही चटका बसत असेल तर चिप ऑसिलेट करतेय, म्हणजे इनपुट नसतानाही आउटपुट आपोआप थरथरतंय. तेव्हा आउटपुटवरचे १ ओहम आणि ०.२२ मायक्रोफॅरड लावलेत का ते बघा, आणि सप्लायचे ०.१ चे कपॅसिटर पिनांच्या अगदी जवळ आहेत का तेही.