व्हर्ट-मॅनेजरमधली वाक्यं सुधारायची असतील तर आधी ते बटण दाबून बघा

तुम्ही लिहिलंय की व्हर्ट-मॅनेजर (एका संगणकाच्या आत दुसरे आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवायचं सॉफ्टवेअर) वापरताना खटकलेल्या चाळीसेक इंग्रजी वाक्यांची सुधारित रूपं तुम्ही एका फाइलमध्ये तयार केली आहेत, कोड लिहिता येत नाही, आणि असं काही पाठवलं तर कोणी घेईल का, अशी शंका आहे. जरूर पाठवा. फक्त चाळीस एकदम नको, आणि प्रत्येक वाक्यामागे आत काय घडतं ते आधी स्वतः करून पाहा.

तुमच्या यादीतला पहिलाच बदल घेऊ. ‘फोर्स ऑफ’ फार दटावणारं वाटतं म्हणून तुम्ही ‘टर्न ऑफ नाऊ’ सुचवलंय. पण ते बटण चालू संगणकाची वायर भिंतीतून उपटण्यासारखं काम करतं. आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला फाइली नीट बंद करायला क्षणभरही मिळत नाही. ‘नाऊ’ वाचून माणसाला वाटेल की काम तेच, फक्त लवकर होईल. तिथे धाक हवाच.

खरी अडचण शेजारच्या ‘शट डाउन’मध्ये आहे. ते बटण मशीन बंद करत नाही, आतल्या सिस्टिमला बंद होण्याचा सिग्नल पाठवतं. आतली सिस्टिम अडकलेली असेल किंवा अजून इन्स्टॉलरच्या पडद्यावर असेल तर ती तिकडे लक्षही देत नाही. वापरणाऱ्याला दिसतं काय? बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. मग तो वैतागून फोर्स ऑफकडे वळतो. व्हर्च्युअलबॉक्स या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये खिडकी बंद करताना ‘सेंड द शटडाउन सिग्नल’ असा पर्याय येतो. मला तो शब्दप्रयोग फार आवडतो, कारण त्यात विनंतीला विनंतीच म्हटलंय.

वीज तोडण्याच्या याच कृतीला व्हर्च्युअलबॉक्स ‘पॉवर ऑफ द मशीन’ म्हणतं, प्रॉक्समॉक्स हे आणखी एक तसंच सॉफ्टवेअर नुसतं ‘स्टॉप’ म्हणतं, आणि व्हर्श या कमांड टाइप करून मशीन हाताळायच्या साधनात तिचं नाव आहे ‘डिस्ट्रॉय’. पहिल्यांदा डिस्ट्रॉय टाइप करताना बोटं थबकतात, आणि डिस्क मात्र जागच्या जागी राहते! मशीनची नोंद पुसणारी कमांड वेगळीच आहे, ‘अनडिफाइन’. तुमच्या यादीत डिस्ट्रॉयचं नाव बदलण्याची सूचना आहे, ती काढून टाका. व्हर्ट-मॅनेजर आणि व्हर्श ज्यावर चालतात त्या लिबव्हर्ट लायब्ररीच्या एपीआयमध्ये (इतर प्रोग्रॅम तिला ज्या नावांनी हाक मारतात त्या यादीत) ते नाव सुरुवातीपासून आहे आणि त्यावर लोकांच्या असंख्य स्क्रिप्ट चालतात. नाव बदलता येत नाही, त्याखालचं मदतीचं वाक्य बदलता येतं. तिथे ‘जबरदस्तीने थांबवा, पण संसाधनं तशीच राहू द्या’ अशा अर्थाचं वाक्य आधीच आहे. ‘संसाधनं’ऐवजी सरळ ‘डिस्क’ म्हणा, असं सुचवता येईल.

आता तुमच्या यादीतलं सतरावं वाक्य. मला ते सगळ्यात मोलाचं वाटलं. चालू मशीनची कमाल मेमरी वाढवली की बदल गेस्टच्या (आतल्या मशीनच्या) पुढच्या शटडाउननंतर लागू होतील, अशी सूचना येते. वाक्यात चूक एकही नाही. मी एका प्रशिक्षण वर्गात शिकवत होतो. एका मुलीने २ जीबीचे ४ जीबी केले, अप्लाय दाबलं, सूचना वाचली आणि आतल्या लिनक्समधून रीबूट केलं. मेमरी २ जीबीच. पुन्हा रीबूट, पुन्हा २. तिसऱ्यांदा तिने मला हाक मारली आणि म्हणाली, “सर, रीबूट म्हणजे बंद होऊन चालू होणंच ना?” तिचं बरोबर होतं. पण आतून रीबूट केल्यावर होस्टवरची (बाहेरच्या खऱ्या संगणकावरची) क्यूईएमयूची, म्हणजे मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, प्रक्रिया संपतच नाही, ती जुन्याच मापाने चालू राहते. मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केलं तेव्हा ४ जीबी दिसले. तुम्ही सुचवलेल्या वाक्यात ‘पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा’ एवढंच आहे. त्याला ‘आतून रीबूट करणं पुरेसं नाही’ हे जोडा.

चाळीस एकदम का नकोत? गेटटेक्स्टमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरची भाषांतरं सांभाळणाऱ्या व्यवस्थेत, मूळ इंग्रजी वाक्य हीच भाषांतराची किल्ली असते. त्यात एक शब्द बदलला की सगळ्या भाषांतली त्याची भाषांतरं ‘फझी’ (पुन्हा तपासायची) ठरतात, आणि कोणीतरी पुन्हा तपासेपर्यंत तिथे इंग्रजीच दिसतं. म्हणजे तुम्ही एक स्वल्पविराम सुंदर केलात तरी जपानीपासून मराठीपर्यंत सगळ्यांचं वाक्य हरवतं. एवढी किंमत ज्या बदलासाठी मोजावी असं वाटेल, तेच बदल पाठवा. पूर्वी मी एका प्रकल्पाला साठ वाक्यांचा एकच पॅच (कोडमधल्या बदलांचा गठ्ठा) पाठवला होता. त्यातले दहा-बारा बदल खरंच गरजेचे होते, पण बाकीच्यांच्या गर्दीत तेही परत आले.

मराठीबद्दल थोडं. इंग्रजीत ‘रिमूव्ह’ आणि ‘डिलीट’ यांत फरक आहे: पहिल्यात मशीनमधून डिस्क सुटते पण फाइल राहते, दुसऱ्यात फाइलच जाते. आपण दोन्हीकडे ‘काढून टाका’ लिहिलं तर एखाद्याचा डेटा जाईल. मी पहिल्याला ‘वेगळी करा’ आणि दुसऱ्याला ‘कायमची पुसा’ लिहितो. आणि ज्या वाक्यात नाव नंतर भरलं जातं तिथे लिंगाचा घोळ होतो: बंद झाला, झाली की झालं? नावाआधी ‘मशीन’ हा शब्द ठेवला की क्रियापद मशीनप्रमाणे चालतं आणि प्रश्न मिटतो.

पाठवायचं कसं, तर गिटहबवर (प्रकल्पाचा कोड जिथे असतो त्या साइटवर) इश्यू, म्हणजे तक्रार-सूचनेची नोंद, उघडा. वाक्य कुठल्या खिडकीत येतं त्याचं चित्र, वापरणारा काय समजतो, प्रत्यक्षात काय होतं आणि तुमचं नवं वाक्य, एवढं लिहा. कोड लागत नाही. भाषांतरं फेडोरा या लिनक्स प्रकल्पाच्या वेबलेट साइटवर होतात, तिथे खातं काढलंत की मराठी थेट सुधारता येईल.

सतरावं वाक्य आधी पाठवा आणि इश्यूचा दुवा इथे द्या. मूळ वाक्य बदललं की मराठीतलं ‘फझी’ मी त्याच आठवड्यात सोडवतो.