एकच गाव धर

पोरी,

तू पाठवलेला तक्ता उघडून बघितला. पाच दिवस, अकरा ठिकाणं, प्रत्येकापुढे पोहोचायची आणि निघायची वेळ, आणि खाली तुझा प्रश्न: ‘काका, गर्दी अजिबात नको, पण तिथे करायला काहीतरी हवं. यातलं काही सुटतंय का?’ गणपतीपुळ्यापासून तारकर्लीपर्यंत रांग लावलीस आणि वर म्हणतेस गर्दी नको! अगं, ती गर्दी असाच तक्ता करून आलेल्यांची असते.

सुटत काही नाही. दहा ठिकाणं जास्त आहेत. एक गाव धर आणि पाचही दिवस तिथेच राहा.

कुठलं ते मीच सांगतो, नाहीतर त्यावर तू आणखी एक तक्ता करशील. रत्नागिरीहून पावस ओलांडून दक्षिणेला निघालं की पूर्णगड, गावखडी, आडिवरे, कशेळी, नाटे, आंबोळगड असा पट्टा लागतो. यातलं कुठलंही घे. मी गावखडी घेतलं असतं. एका अंगाला मुचकुंदी नदीचं मुख, किनाऱ्याला सुरूचं बन, खाडीपलीकडे पूर्णगडाचा किल्ला. किल्ला एवढासा की अर्ध्या तासात फिरून होतो. मग उरलेली संध्याकाळ तटावर बसून काढायची. ‘बघून झालं, चला’ असं सोबतची मैत्रीण म्हणाली तर तिला पाणी दे आणि बसव.

तारखा अजून ठरल्या नसतील तर कॅलेंडरात शनिवार-रविवार शोधण्याआधी तिथी बघ. जुन्या माणसांना भरती काढायला मोबाइल लागत नव्हता. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. थोडं इकडेतिकडे होतं, पण तुला काही जहाज लावायचं नाही. तिथून सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी चढतंही फार आणि मागेही फार जातं, आणि ते मागे गेलेलं असतं ते नेमकं उजाडायच्या सुमाराला. पुढे रोज साधारण पाऊण तास उशीर. म्हणजे पौर्णिमेला पोहोचलीस तर पाचव्या दिवशी, चतुर्थीला, नऊच्या सुमाराला किनारा उघडा मिळेल. तुला वेळापत्रकच हवं होतं ना? हे घे. जून-जुलैत मात्र जाऊ नकोस. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि समुद्रही जवळ उभं राहू देत नाही. माघ-फाल्गुन बरा, आंब्याला मोहोर असतो.

आता ‘करायचं काय’. ओल्या वाळूवर उकिडवी बस. वाटाण्याएवढे खेकडे दिसतील, खरं तर आधी त्यांचं काम दिसेल. बिळापासून चहूबाजूंनी वाळूच्या बारीक गोळ्यांच्या ओळी गेलेल्या असतात. खेकडा वाळू तोंडाशी नेतो, तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं काढून घेतो, उरलेल्या वाळूची गोळी वळतो आणि मागे सारतो. हात इतके भराभर चालतात की नजर ठरत नाही. तुझी सावली पडली की सगळे आत. मग हलायचं नाही. पाच मिनिटांनी एक बाहेर येईल, मग दुसरा. तू मोबाइल काढलास की पुन्हा सगळे आत! भरती आली की गोळ्या पुसल्या जातात आणि पुढच्या ओहोटीला हे पुन्हा पहिल्यापासून सुरू. याला कुणी तिकीट लावलेलं नाही म्हणून ते ‘करण्यासारखं’ नाही, असं तुझ्या पिढीला का वाटतं ते मला समजत नाही.

खडकांच्या बाजूला ओहोटीला बायका कालवं काढताना दिसतील. पहिल्या दिवशी त्या तुझ्याकडे बघणारसुद्धा नाहीत. दुसऱ्या दिवशी विचारतील, ‘खंयच्या तुम्ही?’ तिसऱ्या दिवशी लग्न झालंय का ते विचारतील, तेव्हा चिडू नकोस. चौथ्या दिवशी एखादी खडकाला चिकटलेलं कालव फोडून दाखवेल, कवच किती धारदार असतं ते सांगेल, अनवाणी आल्याबद्दल ओरडेल. चौथा दिवस पहिल्या दिवशी येत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. तुझ्या तक्त्यात प्रत्येक गावाचा पहिलाच दिवस आहे, अकरा वेळा.

पाण्याचंही तेच. समुद्रात कुठे उतरायचं हे पाटीवर लिहिलेलं असेलच असं नाही, असलं तरी तुम्ही ती वाचत नाही. ओहोटी लागलेली असताना खाडीच्या मुखाशी पाण्यात जायचं नाही, खाडीचं सगळं पाणी समुद्राकडे ओढत असतं आणि वरून काही कळत नाही. जिथे राहशील त्या घरच्यांना विचारल्याशिवाय गुडघ्याच्या वर नाही. कोकणात बुडणारे बहुतेक तासाभरासाठी थांबलेले पाहुणे असतात, असं मी आयुष्यभर ऐकत आलोय.

जेवण आदल्या रात्री सांगावं लागतं. वाटेल तेव्हा जाऊन बसावं असं हॉटेल या गावांत मिळेलच असं नाही. सुरमई-पापलेटचा हट्ट धरू नकोस. बोटीला त्या दिवशी जे लागलं ते ताटात येईल. बांगडा तर बांगडा, मुडदुशे मिळाले तर तुझं नशीब जोरावर. काहीच नाही मिळालं तर कुळथाची पिठी आणि भात. सकाळी मऊभात, मेतकूट, लोणचं. दोन दिवस ‘एवढंच?’ वाटेल. तिसऱ्या दिवशी मागून घेशील.

दुपारी झोप. उन्हं कलली की एखाद्या दिवशी कशेळीच्या सड्यावर जाऊन ये. जांभ्याच्या उघड्या कातळावर प्रचंड हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची चित्रं आहेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातल्या ज्या कातळशिल्पांचा समावेश झाला, त्यांत कशेळी आहे. भर दुपारी गेलीस तर नुसता दगड दिसेल. ऊन तिरपं झालं की उथळ रेघांत सावली भरते आणि चित्र वर येतं. रेघांवर पाय देऊ नकोस. येताना कनकादित्याच्या देवळात जा, सूर्याची देवळं आपल्याकडे थोडीच आहेत. हा एवढा प्रवास मला चालतो, कारण रात्री झोपायला त्याच घरी परत यायचं असतं.

कासवांचं विचारलं होतंस. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने अंडी राखायला सुरुवात केली, पुढे महोत्सव उभा राहिला, गावातल्या घरांना चार पैसे मिळू लागले. उत्तमच झालं. पण सुट्टीच्या दिवशी तिथे दोरीमागे किती माणसं असतात ते बघ आणि मग गर्दी नको म्हण. ऑलिव्ह रिडले गावखडीलाही येतात. अंडी राखणाऱ्या गावातल्या कासवमित्राला आदल्या दिवशी भेटून ठेव. पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने घेतात आणि तुझी रजा बघून येत नाहीत. पाच सकाळी असलीस तर दिसण्याची आशा आहे. एका सकाळसाठी आलीस तर अंड्यांवर झाकलेली रिकामी टोपली बघशील आणि जाऊन लिहिशील की काही नव्हतं.

माझी मुलं अजून ऐकवतात की बाबांनी दर मे महिन्यात एकाच गावात नेलं. वर्गातली मुलं कुलू-मनालीचे फोटो आणायची आणि आम्ही काय सांगायचं, रहाट ओढला? खरं आहे. पैसे नव्हते हे अर्धं कारण. पण अर्धंच हं. त्यांतल्याच एकाला आज मुंबईत विसाव्या मजल्यावरून चंद्र बघून पाणी कुठवर आलं असेल ते सांगता येतं. तो हे स्वतःच्या मुलाला शिकवताना मी ऐकलंय, मला बघून गप्प झाला.

तुझ्या काकूला तारकर्ली बघायची होती. मी दरवर्षी ‘पुढच्या वर्षी’ म्हणत राहिलो आणि आता तिचे गुडघे तिला वाळूत चालू देत नाहीत. हे मला लागतं, रात्री जास्त लागतं. पण सकाळी नेऊन संध्याकाळी परत आणायचं मला जमलंच नसतं. नेलं असतं तर पाच दिवस नेलं असतं, आणि पाच दिवस तिकडे म्हणजे आमच्या गावाचे पाच दिवस कमी. तिला हे पटत नाही. तुलाही पटणार नाही. असू दे.

गाडी नेऊ नकोस. गाडी दारात असली की पाय शिवशिवतात, कुणीतरी म्हणतंच, ‘विजयदुर्ग इथून किती?’ रत्नागिरीपर्यंत रेल्वेने जा, पुढे एसटी. गावात वस्तीची गाडी येत असेल तर ती घे. ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि पहाटे गाडी परत निघते, तिच्या हॉर्नने तुला आपोआप जाग येईल. रोख पैसे जवळ ठेव, नेटवर्क असतंच असं नाही. चामड्याच्या चपला नकोत. बॅटरी हवी, पण वाळूवर रात्री लावायची नाही, अंडी घालायला आलेली कासवाची मादी फिरते परत.

ओळखीचं एक घर आहे, दोन खोल्या देतात. त्यांना फोन करायचा तर तुझी तिथी कळली पाहिजे. तारीख नको, तिथी सांग. आणि मैत्रीण तारकर्लीसाठी अडूनच बसली असेल तर मग पाचही दिवस तारकर्लीलाच जा, माझी हरकत नाही, फक्त तिथून हलू नका.

तुझा,
काका