वाचकांचे प्रश्न : जीएनएम झालं, तरी वॉर्डात मी जुनीच सिस्टर

प्रश्न : ताई, नमस्कार. एएनएम (सहायक परिचारिकेचा दोन वर्षांचा कोर्स) करून थोडे दिवस पेठ तालुक्यात उपकेंद्रावर कंत्राटी होते, मग बरीच वर्षं पंचवटीतल्या एका खासगी हॉस्पिटलला काढली. घरच्यांना समजावून तीन वर्षांचं जीएनएम, म्हणजे स्टाफ नर्सचा डिप्लोमा, केलं आणि आता परत तिथेच लागलेय. पण डॉक्टरांना काही सांगायला गेलं तर म्हणतात, तुला सांगितलंय तेवढं कर. आणि माझ्या एएनएम मैत्रिणी म्हणतात, आता काय बाई तू मोठी झालीस, डबा खायला पण बोलवत नाहीत. ना इकडची ना तिकडची झालेय. लगेच पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे जीएनएमनंतरची नर्सिंगची डिग्री, करू का, म्हणजे तरी मान मिळेल?
– एक सिस्टर, पंचवटी

उत्तर : अगं, आधी कागदाचं काम उरकून घे. जीएनएमचं रजिस्ट्रेशन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे वेगळं करावं लागतं, जुन्या एएनएमच्या नंबरवर भागत नाही. ते झालं असेल तर झेरॉक्स जोडून मेट्रनकडे (मुख्य नर्सकडे) लेखी अर्ज दे की माझं पद स्टाफ नर्स करा, आणि पोच घे. ड्युटी चार्टवर नावापुढे एएनएम लिहिलंय तोवर नवीन आरएमओला (निवासी डॉक्टरला) कळणार तरी कसं?

आता खरं दुखणं. डॉक्टर बोलले ते चुकलंच, पण त्यांचं मत बदलेल ते तुझ्या फोनवरच्या बोलण्याने, असं मला ठामपणे वाटतं. समज नाइटला ऑपरेशन झालेला पन्नास किलोचा पेशंट आहे, बीपी 100/60, दिसायला शांत पडलाय. पूर्वी ओव्हर देताना, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंट सोपवताना, तू म्हणाली असतीस, युरिन जरा कमी आहे. आता तुला माहितीये की तासाला किलोमागे निदान अर्धा एमएल व्हायला पाहिजे, म्हणजे ह्याची 25, आणि बॅगेत दोन तासांत मिळून 30च आलीये. मग फोन लावून सरळ सांगायचं : सर, बेड नंबर चार, आजचं ऑपरेशन, दोन तासांत युरिन 30, पल्स 118, श्वास 26, मला आतून ब्लीडिंगची शंका येतेय, बघायला या. आणि कितीला फोन केला, काय ऑर्डर मिळाली, ते लगेच नर्सेस नोट्समध्ये लिहायचं. असे आकडे आणि त्यामागचं कारण सांगणाऱ्या सिस्टरला 'तेवढं कर' म्हणणं अवघड जातं, मी हे वॉर्डात खूपदा बघितलंय.

उपकेंद्रावरचं शिक्षण मात्र टाकून देऊ नकोस हं. बाळ बाहेर आल्यावर मिनिटभरात जास्त रक्तस्राव होऊ नये म्हणून आईला ऑक्सिटोसिन 10 युनिट आयएम (स्नायूत) द्यायचं, हे कॉलेजातून थेट आलेल्या मुलींना पुस्तकातून पाठ असतं, तू ते रात्रीबेरात्री स्वतःच्या हाताने केलंयस, वर रेफर कधी करायचं ते ओळखलंयस. ती नर्स आणि आत्ताची नर्स एकच आहे, दोघींत निवड करायची गरजच नाही.

मैत्रिणींचं म्हणशील तर बोलवायची वाट बघू नको, डबा घेऊन जाऊन बस. त्यांच्यातल्या एकीला तरी जीएनएम करायचं असणारच, तिला तुझ्या नोट्स दे, फॉर्म भरायला मदत कर.

पोस्ट बेसिक मानासाठी करू नकोस. दोन वर्षं पूर्णवेळ जातात, पगार थांबतो. शिकवण्याकडे वळायचंय, पुढे एमएस्सी करायचंय, तर जरूर कर, डिग्री देणारं आरोग्य विद्यापीठ आपल्या म्हसरूळलाच आहे. त्याआधी वर्षभर आयसीयूला ड्युटी मागून घे, मग तुझं तुलाच कळेल नक्की कशात पुढे जायचंय ते.

प्रश्न : माझी मुलगी सहा महिन्यांचा पेशंट केअरचा कोर्स करून दवाखान्यात काम करते. तिला थेट पोस्ट बेसिकला ॲडमिशन मिळेल का?
– एक आई, सिडको

उत्तर : नाही मिळणार. त्याला जीएनएम आणि कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतं, आणि सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटवर रजिस्ट्रेशन होत नाही, मग काम कितीही चांगलं असो. बारावी झाली असेल तर दोन वर्षांचं एएनएम किंवा तीन वर्षांचं जीएनएम, मी तर म्हणेन जमत असेल तर जीएनएमच. फी भरायच्या आधी कॉलेजला त्या वर्षाची मान्यता आहे का ते कौन्सिलच्या यादीत स्वतः बघा, एजंटच्या शब्दावर पैसे देऊ नका.