पहिल्या मुलाखतीला बसण्याआधी

प्रिय नव्या सहकाऱ्यास,

मानवी तस्करीतून सुटून आलेल्या माणसांशी बोलायला तू आता बसणार आहेस. कायद्याची कलमं आणि अर्जांचे नमुने प्रशिक्षणात मिळालेच असतील. या पत्रात एकाच गोष्टीवर भर द्यायचा आहे: हिशेब विचार. समोरची व्यक्ती कुलपाआड कोंडलेली होती का, हे कळायला हवंच. पण बहुतेकांना जागेवर खिळवून ठेवणारी गोष्ट असते देणं. "तुला कोणी पळवलं?" असं विचारलंस तर बऱ्याचदा "कोणी नाही, मी स्वतःच गेलो" असं उत्तर येईल आणि बोलणं तिथेच संपेल. "तुझ्यावर कोणाचं किती देणं आहे, असं तुला सांगितलं होतं?" असं विचारलंस तर माणूस बोलू लागतो.

हा हिशेब कसा रचतात ते आकड्यांतच बघ. समज, प्रवास, कागदपत्रं आणि एजंटची फी मिळून शंभराचं कर्ज अंगावर टाकलं. महिन्याला वीस मिळतील, सहा महिन्यांत फेडून मोकळा होशील, असं सांगितलं. पोहोचल्यावर पगार पंधरा निघाला. राहण्याजेवणाचे नऊ कापले, ने-आण करण्याचे दोन, कागदपत्रं 'सांभाळण्याचा' एक. उरले तीन. कर्जावर महिन्याचं व्याज तीन. म्हणजे महिनाभर राबूनही शंभर ते शंभरच. एक दिवस आजारी पडलं की दंड लागतो आणि आकडा वर चढतो. या गणितात कुणाला मारहाण करावी लागत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये कोणत्याही एका दिवशी 2 कोटी 76 लाख माणसं सक्तीच्या श्रमात अडकलेली होती, आणि सक्तीचा सर्वांत जास्त आढळलेला प्रकार होता पगार अडवून ठेवणं. "आता गेलास तर मागचं काही मिळणार नाही" हे वाक्य कुंपणाचं काम करतं. म्हणून वहीत तीन रकाने आख: काय सांगितलं होतं, प्रत्यक्षात काय दिलं, काय कापलं. खटला उभा राहिला तर हीच वही वकिलाला सर्वांत आधी लागते.

आता जाळ्याबद्दल. वरून खालपर्यंत हुकूम चालवणारी एकसंध टोळी असतेच असं नाही. बऱ्याचदा ती सुट्या माणसांची साखळी असते: माणूस हेरणारा, कागद करून देणारा, नेणारा, मधल्या मुक्कामावर ठेवणारा, कामावर राबवणारा आणि पैसा फिरवणारा. प्रत्येकाला फक्त आपल्या अलीकडचा आणि पलीकडचा माहीत असतो. त्यामुळे एकाला पकडलं तरी बाकीचं काम चालू राहतं, आणि सापडतो तो बहुधा हेरणारा किंवा गाडीवाला, कारण पीडितानं त्याचाच चेहरा पाहिलेला असतो. पैसा घेणाऱ्याचा चेहरा पीडिताला माहीत नसतो, पण कुठल्या नावावर, कोणत्या खात्यात, कोणाच्या हातात पैसे दिले हे घरच्यांपैकी कुणाला तरी आठवतं. तो धागा सोडू नकोस.

हेरणारी व्यक्ती अनोळखी असेल असं धरून चालू नकोस. नातेवाईक, शेजारी, मैत्रीण, प्रियकर, आधी तिथे काम करून आलेली बाई, कोणीही असू शकतं. कधी ती स्वतःच पूर्वी विकली गेलेली असते आणि "आणखी दोघींना आण, तुझं कर्ज माफ" या बोलीवर परत पाठवलेली असते. अशी व्यक्ती आरोपी म्हणून समोर आली तर तिचीही पूर्ण कहाणी ऐक. तस्करांनी भाग पाडलं म्हणून घडलेल्या गुन्ह्यासाठी पीडिताला शिक्षा होऊ नये, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात मान्य झालेलं आहे. पण कोणीतरी वेळेवर लक्षात आणून दिल्याशिवाय ते न्यायालयात आपोआप लागू होत नाही.

असुरक्षितता म्हटलं की गरीब, अशिक्षित मुलगी डोळ्यांसमोर येते. ते चित्र अपुरं आहे, आणि अपुऱ्या चित्रामुळे माणसं सुटून जातात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं ऑगस्ट 2023 मध्ये आग्नेय आशियातल्या ऑनलाइन फसवणुकीच्या केंद्रांवर अहवाल दिला. म्यानमारमध्ये किमान 1 लाख 20 हजार आणि कंबोडियात सुमारे 1 लाख लोक सक्तीनं तिथे राबत असावेत, असा त्यात अंदाज होता. त्यांत बरेच पुरुष होते, आणि शिकलेले, संगणक येणारे, एकाहून अधिक भाषा बोलणारे लोकही होते. त्यांना अडकवायला चांगल्या नोकरीची जाहिरात पुरली. आम्ही असुरक्षितता माणसाच्या स्वभावात शोधत नाही, त्याच्या वेळेत शोधतो: नुकतीच गेलेली नोकरी, घरातलं आजारपण, सावकाराची मुदत, घर सोडून बाहेर पडल्यानंतरचे पहिले दिवस, संपत आलेला व्हिसा. हेरणारा नेमकी हीच वेळ गाठतो. "त्या महिन्यात घरी काय चाललं होतं?" हा प्रश्न म्हणूनच विचारायचा.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. संयुक्त राष्ट्रांनी 2000 साली स्वीकारलेल्या पालेर्मो प्रोटोकॉलप्रमाणे, म्हणजे मानवी तस्करीविरोधी आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे, तस्करी ठरायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: कृती (भरती, ने-आण, ठेवून घेणं), मार्ग (जबरदस्ती, फसवणूक, असुरक्षिततेचा गैरफायदा वगैरे) आणि हेतू, म्हणजे शोषण. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत मार्ग सिद्ध करावा लागत नाही. यांतला कुठलाही मार्ग वापरला असेल, तर "ती राजी होती" या बचावाला अर्थ उरत नाही. सीमा ओलांडलेली असणंही तस्करी ठरायला गरजेचं नाही. एकाच शहरात ती होऊ शकते.

आता मुलाखत. सोबत आलेल्या 'मावशी'ला किंवा 'भावा'ला बाहेर बसव, कितीही मायेनं वागत असले तरी. त्यांना दुभाषी तर मुळीच करू नकोस. दुभाषी ठरवताना तो त्याच वस्तीतला, त्याच ओळखीतला नाही ना, हे आधी तपास आणि पीडितेला तो चालेल का हे विचार. फोनवरचा, दूरचा दुभाषी पुष्कळदा जास्त बरा. पाणी, जेवण, औषध, झोप आधी, जबाब नंतर. दार कुठे आहे हे तिला दिसेल अशी बसव. तू कोण आहेस, काय लिहिणार आहेस, कोणती गोष्ट तुला गुप्त ठेवता येणार नाही, हे सुरुवातीलाच सांग. "सगळं ठीक होईल" म्हणू नकोस. तिला अडकवणाऱ्यानंही तेच म्हटलेलं असतं.

"पळून का नाही गेलीस?" हा प्रश्न कधीही विचारू नकोस. तो दोष देतो आणि माहिती काही देत नाही. त्याऐवजी विचार: बाहेर जायचं असलं तर काय करावं लागायचं? पासपोर्ट कोणाकडे होता? घरी फोन करताना शेजारी कोण असायचं? गेलीस तर काय होईल असं सांगितलं होतं? तारखा मागू नकोस. आघातानंतर आठवणी क्रमानं येत नाहीत, आणि दोन जबाबांतला फरक खोटेपणा म्हणून वापरला जातो. थंडी होती का, कोणतं काम चालू होतं, कोण नवीन आलं होतं, अशा खुणांनी क्रम लाव. विसंगती दिसली तर खोडू नकोस. दोन्ही नोंदी तशाच ठेव. तीच हकीकत पाच जणांपुढे पाचदा सांगायला लावणं हा छळ आहे. पोलीस, डॉक्टर, वकील यांच्याशी आधी बोलून ती शक्य तितक्या कमी वेळा सांगावी लागेल असं बघ.

ती एजंटची बाजू घेईल, कदाचित तुझ्यावर रागावेलही. एजंटला तिच्या घराचा पत्ता माहीत असतो, आणि कित्येक महिन्यांत तिला औषध आणून देणाराही तोच एकटा असतो. वाद घालू नकोस.

फोनकडे विशेष लक्ष दे. निवारागृहाकडे निघण्यापूर्वीच विमान मोड चालू कर आणि लोकेशन बंद कर. मेसेज पुसू नकोस आणि तिलाही पुसू देऊ नकोस. तिच्या परवानगीनं पडद्यांचे फोटो काढ, नंबर आणि वेळ दिसतील असे. एजंटला स्वतः फोन करून जाब विचारायचा मोह होईल. तसं केलंस तर तो नंबर बदलेल आणि त्याच जागी उरलेल्यांना रातोरात हलवेल. सुटकेचे फोटो समाजमाध्यमांवर टाकणाऱ्या संस्था आहेत. चेहरा झाकला तरी कपडे, खोली आणि आवाज यांवरून माणूस ओळखू येतो. आपण टाकत नाही.

घरी कळवण्याची घाई करू नकोस. पाठवणारा घरातलाच असेल तर? आधी तिला विचार: कोणाला सांगायचं, कोणाला नाही, कुणाच्या फोनवर. परत जायचं ठरलं तर ज्या सावकाराकडून पैसे घेतले होते तो अजून तिथेच आहे, हे लक्षात ठेव. कर्ज तसंच राहिलं तर काही महिन्यांत दुसरा एजंट दारात उभा राहतो. म्हणून निघण्याआधी कर्जाचा कागद वकिलाला दाखव, बुडालेल्या पगाराचा आणि नुकसानभरपाईचा दावा दाखल झाला का बघ, आणि घरी पोहोचल्यावर तिला कोण, कोणत्या नंबरवरून, किती दिवसांनी फोन करणार हे तिच्यासमोर लिहून ठेव. पहिला फोन पहिल्या आठवड्यातच व्हायला हवा, कारण सावकारही साधारण त्याच सुमारास येतो.

तुझे,
जुने सहकारी