वाचकांचे प्रश्न : कादंबरीला एजंट हवा का?

प्रश्न : मी तासगावजवळच्या खेड्यात राहतो. पहिली कादंबरी लिहून झाली आहे. साहित्यिक एजंट कोठे भेटेल?

उत्तर : इंग्रजी प्रकाशनविश्वात लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी व्यवहार करून मानधनातील ठरावीक टक्के घेणारा एजंट मराठीत जवळजवळ नाहीच, येथे लेखक स्वतःच प्रकाशकाला पत्र, सारांश आणि एक-दोन प्रकरणे पाठवतो, आणि उत्तरासाठी महिनोन्‌महिने वाट पाहतो. त्यामुळे एजंट म्हणवून आधी पैसे मागणाऱ्यापासून चार हात दूर राहावे.

हस्तलिखित आधी परक्या डोळ्यांखालून जाऊ द्या. घरचे लोक कौतुकच करतात. मकर संक्रांतीला औदुंबरला भरणाऱ्या साहित्य संमेलनात अशा वाचकांची ओळख होऊ शकते, आणि तुमच्यापासून ते लांबही नाही. एखादे प्रकरण कथेसारखे स्वतंत्र उभे राहत असेल, तर ते दिवाळी अंकाकडे पाठवून पाहावे. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिची जाहिरात आली की नियम नीट वाचावेत.

करार मात्र तोंडी नको. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखनाबरोबरच तुमचा होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही; पण हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते. म्हणून मुदत, मानधन, अनुवादाचे आणि चित्रपटाचे हक्क हे सारे स्पष्ट लिहून घ्यावे.