वाचकांचे प्रश्न: तळ हलवा म्हणून सही करू का?

प्रश्न : ताई, आमचं घर नागपुरात सोनेगावला, बाबांनी बांधलेलं, तळमजला आणि वर एक. सध्या गल्लीत एक निवेदन फिरतंय : हवाई दलाचं सोनेगाव स्टेशन शहराबाहेर न्या आणि त्या जागेवर बगिचा आणि घरं करा. आमच्या प्लॉटवर फ्लॅट स्कीम करायला एक बिल्डर तयार आहे. तो म्हणतो, तळ गेला की उंचीची अट जाते, सात माळे आरामात चढतील. आईला विमानांच्या आवाजाचा त्रास आहेच. बाबा मात्र सही करत नाहीत. म्हणतात, "ते आपल्या आधीपासून आहेत इथे." मी काय करू?
– एक वाचक, सोनेगाव

उत्तर : आधी बिल्डरचं बोलणं बाजूला काढू. माझी सगळी नोकरी नगररचना खात्याच्या टेबलावर झाली. "अट उठणार आहे" एवढ्या एका वाक्यावर प्लॉटचे भाव चढलेले मी पाहिलेत. अट जागच्या जागी राहायची आणि सौदा करणारा पुढच्या लेआउटमध्ये गेलेला असायचा.

तुमच्या घराची उंची अडते ती धावपट्टीमुळे, हवाई दलाच्या फाटकामुळे नाही. ही 3,200 मीटरची धावपट्टी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळाची आहे. मुंबई-दिल्लीची प्रवासी विमानं तिच्यावरच उतरतात. हवाई दलाने उद्या सामान बांधलं तरी विमानं उतरणारच, आणि उंचीचा दाखला भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडूनच आणावा लागणार. कुठे किती उंची चालते ते दाखवणारे त्यांचे रंगीत नकाशे असतात. धावपट्टीच्या टोकांसमोरच्या वस्त्यांना जाच जास्त, बाजूच्यांना थोडा कमी. शिवाय दाखल्यातली उंची समुद्रसपाटीपासून धरलेली असते, तुमच्या अंगणापासून नाही. आपलं विमानतळच सुमारे 315 मीटरवर आहे, म्हणून चढावरच्या प्लॉटला एखादा माळा कमीच मिळतो. त्या बिल्डरला विचारा, तुमच्या प्लॉटचा दाखला त्याने काढलाय का? नसेल, तर सात माळे सध्या त्याच्या तोंडातच आहेत.

आवाजाचंही तसंच. रात्री आईंची झोप मोडणारी विमानं बहुतेक प्रवाशांचीच असतात. विमानतळाभोवतीच्या मिहान प्रकल्पाच्या आराखड्यात दुसरी धावपट्टीही आहे. तिच्यासाठी गाव सोडायची वेळ आलेल्या शिवणगावकरांना भेटलात तर विमानतळ लहान होतंय की मोठं, ते वेगळं सांगावं लागणार नाही.

तळ गेल्याने एक गोष्ट खरंच बदलू शकते. संरक्षण आस्थापनेच्या कुंपणालगत बांधकामावर निर्बंध घालायची सोय 1903 च्या कायद्यात आहे. तुमचं घर अगदी भिंतीला लागून असेल आणि तुमचा नकाशा त्याच कारणाने अडलेला असेल, तर तुमची तक्रार रास्त आहे. तसं असेल तर नकाशा आणि नकाराचं पत्र घेऊन स्वतंत्र अर्ज करा. त्यासाठी अख्खा तळ हलवायची मागणी करायला नको.

आता बगिचा आणि घरं. निवेदनात अमेरिकेचा दाखला दिला असेलच, असल्या कागदांत तो असतो. तर ऑस्टिनचं ऐका. तिथला बर्गस्ट्रॉम हवाई तळ 1993 मध्ये बंद झाला. 1999 मध्ये त्याच जागी शहराचा नवा विमानतळ सुरू झाला. घरं आणि बगिचे झाले ते जुन्या नागरी विमानतळाच्या जागेवर, दुसरीकडे. म्हणजे तळाशेजारी राहणाऱ्यांना विमानं होती तशीच राहिली. पण तिथल्या तळाची जमीन मुळात शहराने दिलेली होती, म्हणून ती शहराकडे परत आली. सोनेगावची जमीन संरक्षण मंत्रालयाची आहे. ती मनपाच्या ओटीत कोणी आणून टाकणार नाही. मिहानला हवाई दलाची जमीन लागली तेव्हाही बदल्यात दुसरी जमीन द्यायचंच ठरलं, आणि त्याचे कागद वर्षानुवर्षं फिरत राहिले. जमीन मोकळी झालीच तर तिची किंमत वसूल करायला बघतील, आणि किंमत बगिच्यातून वसूल होत नाही. बर्लिनच्या टेंपेलहोफ विमानतळाचं मोकळं मैदान वाचलं, कारण 2014 मध्ये लोकांनी मतदान करून तिथलं बांधकाम नाकारलं. आपल्याकडे असं मत कोण विचारणार?

आणि बगिचा झालाच, तरी आधी माती आणि विहिरीचं पाणी तपासून घ्यावं लागेल. जुन्या हवाई तळांवर सांडलेलं इंधन आणि आग विझवायच्या फेसातली रसायनं जमिनीत मुरलेली जगभर सापडली आहेत.

माझं मत विचाराल तर ती न बांधलेली जमीनच मला मोलाची वाटते. सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला आणि वस्त्यांत पाणी घुसलं, तेव्हा शहराने किती जमीन सिमेंटखाली घातली ते सगळ्यांनी पाहिलं. कुंपणाआड का होईना, पाणी जिरणारी जमीन शिल्लक आहे.

बाबांचं म्हणणं बहुतांशी खरं आहे. इथली धावपट्टी पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांतली. 1949 पासून रात्रीच्या टपालाची विमानं चारही महानगरांतून येऊन इथेच पिशव्या बदलायची. पण सोनेगाव त्याहून जुनं, तिथला तलाव भोसल्यांच्या काळातला. तेव्हा "आधी कोण" या वादात बाबाही पुरते जिंकत नाहीत.

सही करू नका. त्याऐवजी गल्लीतल्या लोकांना घेऊन वेगळं पत्र द्या : कुंपणाबाहेरचा नाला साफ करा, भिंतीकडेची झाडं तोडू नका, आणि रात्रीच्या आवाजाची मोजणी विमानतळाने करून आकडे जाहीर करावेत. यातली निदान एक मागणी तरी मान्य होण्यासारखी आहे.

प्रश्न : हजारीपहाडला माझं किराणा दुकान आहे. बरंचसं गिऱ्हाईक वायुसेनानगरचं. सोनेगावचा तळ हलणार म्हणतात. दुकान वाढवू की थांबू?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, सोनेगावचं स्टेशन वेगळं आणि तुमचं वायुसेनानगर वेगळं. तुमच्याकडे हवाई दलाच्या देखभाल कमांडचं मुख्यालय आहे. नाशिकजवळच्या ओझरपासून चंदीगडपर्यंतच्या दुरुस्ती डेपोंचा कारभार तिथून चालतो. सोनेगावचं काही झालं तरी हे मुख्यालय त्यासोबत उठून जात नाही. तळाच्या अफवेवरून दुकान थांबवू नका. मात्र तिथल्या लोकांच्या बदल्या होत असतात, म्हणून उधारीची वही लांबू देऊ नका.